घरातला बोन्साय बिगोनिया : आधी बुंधा, मग आकार

मातीकाम :
घरात बोन्साय ठेवायची हौस अनेकांना असते, आणि पहिलं झाड म्हणून बहुतेक वेळा जुनिपर किंवा मेपल आणलं जातं. ही झाडं खिडकीतल्या उजेडावर तग धरत नाहीत. त्यांना उघड्यावरचं ऊन, वारा आणि थंडीतली खरी विश्रांती लागते. घरात ती मिळत नाही आणि झाड खंगत जातं. जुनिपर तर मेल्यावरही काही आठवडे हिरवंच दिसतं, त्यामुळे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून हा धागा एका वेगळ्या झाडासाठी : बिगोनिया ड्रेगेई.

हा मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, जंगलातल्या सावलीत खडकांवर वाढणारा. तिथे मुळांना माती थोडीच मिळते आणि कोरडे दिवसही काढावे लागतात, म्हणून झाड पाणी आणि अन्न बुंध्यात साठवतं. बुंधा फुगतो, त्यावर सालीसारखा तपकिरी थर येतो, आणि वर बारीक लालसर फांद्या व कातरलेली छोटी पानं. पानं मेपलसारखी दिसतात म्हणून त्याला मेपल लीफ बिगोनिया असंही म्हणतात. एका वीतभर रोपात जुन्या झाडाची सगळी लक्षणं दिसतात, आणि तीही फांद्या वळवायला तार न लावता, मोठी छाटणी न करता. झाडाचा स्वभावच तसा आहे. पार्टिटा, रिचर्ड्सियाना, नाटालेन्सिस अशा नावांनी जी रोपं मिळतात ती याच ड्रेगेईची रूपं. पार्टिटाची पानं सगळ्यांत बारीक, त्यामुळे बोन्सायसाठी मला तीच सर्वांत आवडतात.

आता मुद्द्याचं. हे रोप हातात आलं की पहिला मोह होतो तो सुबक उथळ ट्रेमध्ये लावून शेंडे खुडायला घ्यायचा. कृपा करून थांबा. बुंधा फुगतो तो पानांनी बनवलेल्या अन्नावर. शेंडे सारखे खुडले की पानं कमी, पानं कमी की अन्न कमी, आणि बुंधा होता तिथेच. पहिली एक-दोन वर्षं त्याला मोकळं वाढू द्या. फांद्या लांब, वेड्यावाकड्या होतील, होऊ द्यात. बुंधा मनासारखा जाड झाला की त्या फांद्या आखूड छाटता येतात आणि खालून नवीन डोळे, म्हणजे कोंब, फुटतात. उलट्या क्रमाने हे काम होत नाही.

माती : निचरा हाच सगळा खेळ. मी साधारण एक भाग कोकोपीट, एक भाग परलाइट (पांढरे, हलके, फुगवलेले खनिज दाणे) आणि एक भाग प्युमिस (सच्छिद्र ज्वालामुखी खडकाचे खडे) किंवा धुतलेली जाडसर वाळू घेतो, वर मूठभर चाळलेलं गांडूळखत. पाणी ओतल्यावर ते काही क्षणांत खालून निघालं पाहिजे.

पाणी : वरचा बोटाच्या पेराएवढा थर कोरडा झाला की भरपूर द्यायचं आणि खालच्या ताटलीत साचलेलं ओतून टाकायचं. रोज घोटभर पाणी घालण्याची सवय या झाडाला मारते, कारण त्याने वरची माती ओली दिसते आणि खाली कुठे कोरडं तर कुठे चिखल होतो.

उजेड : पूर्वेची खिडकी उत्तम. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं पानांच्या कडा करपवतं. उजेड कमी पडला तर पेरांमधलं, म्हणजे फांदीवर पान फुटतं त्या सांध्यांमधलं, अंतर वाढतं आणि पानं मोठी होतात, म्हणजे बोन्सायचा भासच जातो.

प्रश्न असतील तर विचारा. वेगळे अनुभव असतील तर जरूर लिहा.

रानजाई :
वा, अशा धाग्याची वाट बघत होते. माझ्याकडे रेक्स बिगोनिया आहे, शिवाय उंच वाढणारा, पानांवर पांढरे ठिपके असलेला एक आहे. यांचा बोन्साय होईल का?

मातीकाम :
रानजाईताई, नाही होणार. रेक्स जमिनीलगत आडव्या, जाड खोडाने पसरतो. त्याला उभा बुंधा येत नाही आणि पानंही तळहातापेक्षा मोठी. ठिपक्यांचा जो म्हणताय तो केन प्रकारातला असावा, त्याला सरळ उंच काठ्या येतात. दोन्ही आपापल्या जागी देखणे आहेत, त्यांना तसंच वाढू द्या. नेहमी फुलणारा वॅक्स बिगोनियाही यासाठी नाही, त्याचं खोड मऊ आणि पाणीदार राहतं.

तिसरी_खिडकी :
फोलिओसा विसरलात! कोलंबिया-व्हेनेझुएलाकडचा बिगोनिया. पानं इतकी बारीक की लांबून फर्न वाटतो. फांद्या कमानीसारख्या खाली झुकतात. बुंधा ड्रेगेईसारखा फुगत नाही, पण उंच निमुळत्या कुंडीत लावला तर कड्यावरून लोंबणाऱ्या झाडाचं रूप फार छान येतं. फक्त त्याला दमटपणा जास्त लागतो आणि माती पूर्ण सुकलेली त्याला अजिबात चालत नाही.

मातीकाम :
बरोबर, फोलिओसा लिहायला हवा होता. लोंबत्या शैलीसाठी त्याला तोड नाही.

अंकुर_व :
मी एका मुद्द्यावर असहमत आहे. मी सुरुवातीपासून उथळ कुंडीतच वाढवतो. मोठ्या कुंडीत माती जास्त, ती उशिरा सुकते, आणि नवख्या माणसाच्या हातून बुंधा कुजतो. बारीक बुंध्याचं जिवंत झाड हे जाड बुंध्याच्या मेलेल्या झाडापेक्षा बरं. शिवाय लहान कुंडीत पानंही लहान राहतात.

मातीकाम :
कुजण्याची भीती अगदी खरी आहे, आणि नवख्यांसाठी तुमचा सल्ला मोलाचा. पण पानं लहान राहतात ती मुख्यतः चांगल्या उजेडामुळे आणि खत मर्यादेत दिल्यामुळे. कुंडीचा हात त्यात कमी. नायट्रोजन जास्त झाला तर उथळ ट्रेमध्येही पानं फोफावतात.

सावली :
दोघांचं म्हणणं जुळवता येतं. बिगोनियाची मुळं तशीही वरवर पसरतात, खोल जात नाहीत. म्हणून वाढीच्या काळात रुंद पण उथळ अशी, झिलई नसलेली मातीची कुंडी घ्यायची. मुळांना पसरायला जागा मिळते, भिंतीतून ओल उडून जाते आणि माती वेळेत सुकते. खोल प्लास्टिकच्या कुंडीत तळाशी कायम ओल राहते, खरा घोटाळा तिथे होतो. कुंडीचा व्यास मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर जास्त, एवढंच. एकदम दुप्पट मोठ्या कुंडीत हलवू नये.

अंकुर_व :
सावली, हे पटलं. रुंद आणि उथळ. पुढचं रोप असंच लावून बघतो.

पानोपानी :
मी खऱ्या झाडांचे बोन्साय करते, फायकस वगैरे. तार किती जाडीची वापरायची ड्रेगेईला?

मातीकाम :
तार नकोच. फायकसची फांदी लाकडी असते, वाकवली की तंतू ताणले जातात आणि त्याच आकारात लाकूड बनतं. बिगोनियाची फांदी रसाळ आणि ठिसूळ. वाकवायला गेलं की पेरापाशी कटकन तुटते, नाहीतर तार सालीत रुतून जखम करते आणि तिथून बुरशी शिरते. इथे आकार द्यायचा तो कात्रीने आणि उजेडाने. ज्या दिशेला फांदी हवी त्या दिशेला बघणाऱ्या डोळ्याच्या किंचित वर छाटायचं. पुढची फांदी तिकडेच निघते. ती थोडी वाढली की पुन्हा योग्य डोळ्यावर छाटायची. अशा दोन-तीन छाटण्यांत फांदीला जी नैसर्गिक वळणं येतात ती तारेने येत नाहीत.

पानोपानी :
म्हणजे छाटा आणि वाढू द्या, हीच पद्धत. फायकसमध्येही बारीक फांद्यांसाठी तेच करते. कोवळी फांदी थोडीशी खाली ओढायची असेल तर?

तिसरी_खिडकी :
मऊ सुती दोरा फांदीला सैल अडकवून कुंडीच्या काठाला बांधायचा, आणि ओढ थोडी थोडी वाढवायची. पाणी दिलेल्या दिवशी हे करू नका. फांदी पाण्याने टच्च भरलेली असते तेव्हा पटकन मोडते. माती थोडी सुकली की ती लवचिक होते.

मातीकाम :
ही युक्ती मला माहीत नव्हती. छान.

ओंजळ :
नमस्कार, मदत हवी आहे. माझ्या ड्रेगेईची पानं पिवळी पडून गळताहेत. दिवस लहान झाल्यापासून सुरू झालंय, आता जेमतेम पाच-सहा पानं उरलीत. दोन फांद्या शेंड्याकडून वाळल्या. पाणी वाढवून बघू का?

मातीकाम :
पाणी वाढवू नका! आधी बुंधा अंगठ्याने हलकेच दाबून बघा. कच्च्या बटाट्यासारखा टणक लागला तर झाड ठणठणीत आहे आणि विश्रांतीला निघालंय. ड्रेगेई अर्धकंदी आहे, म्हणजे त्याचा फुगीर बुंधा कंदासारखा साठा करतो. थंडी आणि लहान दिवस आले की पानं गाळून तो शांत बसतो. बुंधा मऊ लागला, दबला किंवा वास आला तर मात्र कुज आहे, आणि मग वेळ घालवायचा नाही.

ओंजळ :
दाबून बघितला. टणक आहे. जीव भांड्यात पडला.

सावली :
मग आता पाणी कमी करत न्या. पानं नसलेलं झाड पाणी खेचत नाही, दिलेलं तसंच मातीत राहतं. माती पूर्ण सुकल्यावर थोडंसं, एवढंच, म्हणजे बारीक मुळं वाळून जाणार नाहीत. खत बंद. वाळलेल्या फांद्या हिरवा भाग लागेपर्यंत मागे छाटा. १० अंशांच्या खाली तापमान जाईल अशा ठिकाणी ठेवू नका आणि काचेला टेकवून तर नकोच, रात्री काच फार गार होते.

अंकुर_व :
ओंजळ, घरात ऊब असेल आणि दिव्याचा उजेड १२-१४ तास मिळत असेल तर हे झाड पूर्ण पानं गाळत नाही, वर्षभर थोडंफार हिरवं राहतं. माझ्याकडे एलईडीखाली असंच आहे. पण पानगळ झाली म्हणून मुद्दाम उजेड वाढवून त्याला उठवायची गरज नाही.

मातीकाम :
अनुमोदन. विश्रांती मिळालेलं झाड पुढच्या हंगामात जोरात फुटतं, असं मी सतत बघत आलोय. बुंधाही अशा झाडाचा चांगला भरतो.

निळीशाई :
बुंधा खरंच मऊ झाला तर वाचवता येतो का? मैत्रिणीच्या झाडाचं झालंय. खालची एक बाजू तपकिरी आणि ओलसर आहे.

मातीकाम :
बऱ्याचदा येतो, लवकर हात घातला तर. झाड मातीतून काढा, मुळं धुवून घ्या. धारदार चाकू स्पिरिटने पुसून कुजलेला भाग कापत जा. आत स्वच्छ, फिकट, टणक गर दिसेपर्यंत थांबायचं नाही. प्रत्येक कापानंतर चाकू पुन्हा पुसा, नाहीतर तीच कुज निरोगी गरात जाते. मग झाड सावलीत, हवेशीर जागी ठेवून जखम कोरडी होऊ द्या. वर पातळ, कोरडी पापुद्र्यासारखी त्वचा धरली की नुसत्या परलाइटमध्ये किंवा प्युमिसमध्ये, जखम वर राहील असं लावा आणि नवी मुळं येईपर्यंत पाणी जपून. त्याच दिवशी वरच्या निरोगी फांद्यांची छाटं लावून ठेवा. बुंधा गेला तरी वाण हातचा जाणार नाही.

निळीशाई :
धन्यवाद. तिला आत्ताच पाठवते.

रानजाई :
छाटांचा विषय निघालाच आहे तर विचारते, फांदी लावून आलेल्या रोपाला असा फुगीर बुंधा येतो का? की बीच पेरावं लागतं?

तिसरी_खिडकी :
बियांपासून आलेल्या रोपाचा बुंधा सगळ्यांत देखणा, गोल आणि एकसंध होतो. फांदीलाही बुंधा धरतो, पण एक अट आहे : निदान एक पेर मातीखाली गेलं पाहिजे. फुगवटा त्या पेरापाशी धरतो. पेर वर ठेवून नुसतं देठ खोचलं तर मुळं येतात, फांदीही जगते, पण बुंधा धरत नाही.

बियांचं म्हणाल तर ती धुळीएवढी बारीक असतात. एकाच झाडावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागे पंख असलेलं बीजकोश दिसतं, नर फुलात पिवळे पुंकेसर. मऊ ब्रशने पराग उचलून मादी फुलाला लावायचे. बोंड तपकिरी होऊन सुकलं की कागदावर झटकायचं. पेरताना मातीने झाकायचं नाही, उगवायला उजेड लागतो. ओलसर, बारीक चाळलेल्या मिश्रणावर भुरभुरवायचं, वर पारदर्शक झाकण, तापमान २१ ते २४ अंशांच्या आसपास. दोन-तीन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसू लागतात. पाणी नेहमी खालून द्यायचं. वरून एक धार पडली तरी सगळं वाहून जातं.

रानजाई :
इतकं सविस्तर! साठवून ठेवलं.

हिरवा_पारवा :
थोडं अवांतर, पण या झाडाबद्दल मला मनापासून सांगायचंय. ड्रेगेईची छोटी पांढरी फुलं बघून ती बागकामाच्या इतिहासात इतकी महत्त्वाची असतील असं वाटत नाही. १८८० मध्ये आयझॅक बेली बाल्फोर हा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ येमेनच्या सोकोत्रा बेटावर गेला आणि तिथून बिगोनिया सोकोत्राना घेऊन आला. सोकोत्राना थंडीत फुलणारा. फ्रान्समधल्या नान्सीच्या व्हिक्टर लेम्वान यांनी १८९१ मध्ये त्याचा आपल्या या ड्रेगेईशी संकर केला आणि ग्लोअर द लोरेन नावाचा वाण निघाला. थंडीत, गुलाबी फुलांनी झाकलेलं झाड! त्यातून हिवाळी बिगोनियांची अख्खी शाखा तयार झाली. त्या सगळ्यांच्या मुळाशी खडकावरचं हे साधं झाड आहे. आणि ड्रेगेई हे नाव योहान फ्रान्झ ड्रेगे या जर्मन संग्राहकाच्या नावावरून पडलं. त्याने दक्षिण आफ्रिकेत प्रचंड प्रमाणात वनस्पती गोळा केल्या होत्या.

मातीकाम :
अवांतर मुळीच नाही. मला त्या संकराची माहिती होती, पण सोकोत्रानाचा प्रवास माहीत नव्हता. फार छान लिहिलंत.

पानोपानी :
पानांवर पांढरी पावडर दिसतेय, पीठ सांडल्यासारखी. पुसली की जाते आणि पुन्हा येते. दमटपणासाठी झाड काचेच्या पेटीत ठेवलंय, रोज फवाराही मारते.

सावली :
ही भुरी. पेटीतून आजच बाहेर काढा. कोंदट हवेत भुरी फोफावते आणि बिगोनियांना ती फार चटकन धरते. जास्त लागलेली पानं तोडून कचऱ्यात टाका, कुंडीत पडू देऊ नका. झाडाभोवती हवा खेळती ठेवा, छोटा पंखा अगदी मंद गतीवर, झाडावर थेट न सोडता. उरलेल्यावर पोटॅशियम बायकार्बोनेटचं किंवा पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाचं फवारण, डब्यावरच्या मात्रेनुसार. गंधक कडक उन्हाळ्यात आणि तेलाच्या फवारणीच्या आगेमागे वापरू नका, पानं भाजतात. कडुनिंबाचं तेल वापरणार असाल तर आधी एकाच पानावर लावून दोन दिवस बघा, काही बिगोनियांना ते सोसत नाही.

मातीकाम :
आणि रोजचा फवारा बंद. त्याने हवेतला दमटपणा काही मिनिटंच वाढतो, पानं मात्र ओली राहतात, आणि ओल्या पानांवर इतर बुरशी आणि जिवाणूंचे डाग पडतात. ड्रेगेईला ४० ते ५० टक्के आर्द्रता पुरते. बुंध्याचं झाड आहे ते, नाजूक रेक्स नव्हे. हवा फारच कोरडी असेल तर चार झाडं जवळजवळ ठेवा.

पानोपानी :
पेटीतून काढलं. लागलेली पानं तोडल्यावर झाड अगदीच उघडं दिसतंय, पण बुंधा आता किती सुंदर दिसतो ते कळलं.

निळीशाई :
घरात मांजर आहे. धोका आहे का?

सावली :
आहे. बिगोनियात कॅल्शियम ऑक्झलेट असतं. चावलं तर तोंडाची जळजळ, लाळ गळणं, उलटी असं होतं. कुत्र्यांनाही तेच. मातीखालचा आणि बुंध्याचा भाग सगळ्यांत त्रासदायक, आणि या झाडात नेमका तोच उघडा असतो. उंच फळीवर, उडी पोचणार नाही अशा जागी ठेवा. चावलेलं दिसलं तर पशुवैद्यांना लगेच विचारा.

अंकुर_व :
बुंधा मातीवर कसा आणता? माझा अजून अर्धा पुरलेलाच आहे.

मातीकाम :
एकदम नाही. वाढीच्या काळात थोडा पुरलेला असलेलाच बरा, कारण मातीतल्या भागाला मुळं फुटत राहतात आणि तो लवकर भरतो. दर वर्षी-दोन वर्षांनी नवी पालवी दिसू लागली की कुंडी बदलायची. त्या वेळी बुंधा जेमतेम एक सेंटिमीटर वर उचलायचा. उघड्या पडलेल्या भागावरची केसांसारखी बारीक मुळं कापून टाकायची, जाड मुळं बुंध्यावरून बाहेर पसरू द्यायची. खालची मुळं एक तृतीयांशापेक्षा जास्त छाटू नका. उघडा भाग पहिल्या हंगामात फिकट असतो, हळूहळू सालीचा रंग धरतो. कुंडी बदलल्यावर महिनाभर खत नाही. नंतर पातळ द्रवखत, डब्यावर सांगितलेल्या मात्रेच्या चतुर्थांश, दोन आठवड्यांतून एकदा, आणि तेही फक्त वाढ सुरू असताना.

ओंजळ :
माझ्या झाडाची खबर : शेवटची पानंही गळली होती, पण बुंधा शेवटपर्यंत टणक राहिला. दिवस मोठे व्हायला लागलेत आणि काल बुंध्यावर तीन लाल टोकं दिसली! आता पाणी पहिल्यासारखं सुरू करू? शेंडे कधी खुडायचे?

मातीकाम :
अभिनंदन ओंजळताई! पाणी अजून वाढवू नका. टोकं फुटतात ती बुंध्यातल्या साठ्यावर, त्यांना अजून मुळांची फारशी गरज नसते. पहिली दोन पानं पूर्ण उघडली की एकदा नीट पाणी द्या आणि मग माती सुकण्याच्या वेगाप्रमाणे ठरवा. कुंडी बदलायची असेल तर हीच वेळ. खुडायचं म्हणाल तर, बुंधा केवढा आहे?

ओंजळ :
अंगठ्याएवढा.

मातीकाम :
मग या वर्षी कात्री लावू नका. तिन्ही फांद्या वाढू द्या.